कोण होतं घरी?

कुंदाताई,

रविवारी तुमच्या घरी तुमच्या स्मरणाच्या पुण्यानुमोदनाला खूप माणसं आली होती. अंगणातला मांडव पुरला नाही, म्हणून समोरच्या रस्त्यावर खुर्च्या टाकल्या. त्रिशरण, पंचशील झालं आणि मग बोलणाऱ्यांची यादी निघाली. प्रत्येकाला दोन मिनिटं. कोणी तुम्हाला मायेचा सागर म्हणालं, कोणी दीपस्तंभ. मी तिसऱ्या रांगेत बसून मनातल्या मनात या शब्दांभोवती गोल काढत होते, कारण तुम्ही तेच केलं असतं. गोल काढून बाजूला लिहिलं असतं, 'म्हणजे काय? तिनं नेमकं काय केलं ते लिही.' यादीत सातवं नाव माझं होतं. मी घसा बसल्याचं कारण सांगून उठले नाही. घसा ठणठणीत होता. तुमच्या बाबतीत मी केलेला हा पहिला खोटेपणा नाही, आणि मला आज लिहायचं आहे ते त्या पहिल्याबद्दल.

लिहायला बसले तर हात आपोआप पट्टीकडे गेला. पानाच्या डाव्या बाजूला चार बोटं समास आखून झाला आणि मगच माझ्या लक्षात आलं की आता तिथे लिहिणारं कोणी उरलेलं नाही. पुसला नाही. असू दे.

अठरा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले ती समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांसाठी तुमची संस्था यवतमाळच्या आसपासच्या गावांत काम करायची. कॉलेजनं मला फील्डवर्कसाठी तिथे धाडलं आणि माझ्या पर्यवेक्षक म्हणून तुम्हाला नेमलं. मंगळवार-बुधवार गावात जायचं, झालेल्या भेटीचं रेकॉर्डिंग जर्नलमध्ये लिहायचं, म्हणजे ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, मला काय वाटलं ते सगळं, आणि गुरुवारी ते घेऊन तुमच्याजवळ बसायचं. 'उजवीकडचं तुझं, डावीकडचं माझं,' असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. दोन खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला ठेवायच्या, मनगटातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं आणि बरोबर एक तास. चहा तास संपल्यावर. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात, तुमची ती लांब शेपटीची सही.

मला त्या सहीची धास्ती होती, कारण सहीपर्यंत पोचायच्या आधी समास भरून गेलेला असायचा. मी लिहायची, 'लाभार्थी महिलेचे समुपदेशन केले.' समासात यायचं, 'तिले नाव नाही काय? आणि समुपदेशन म्हणजे काय केलं?' मी लिहायची, 'त्यांना धीर दिला.' समासात, 'कसा? शब्द सांग.' एकदा 'कुटुंबाचे प्रबोधन केले' असं लिहिलं, तर तुम्ही काही न लिहिता फक्त एका टोपीचं चित्र काढलं होतंत, पुढाऱ्याच्या. मी दोन दिवस चिडून होते. मला वाटायचं, मी उन्हातान्हात गावोगाव हिंडते, बायकांच्या रडण्यानं माझा जीव तुटतो, आणि या बाई शब्दांत अडकून बसल्यात.

ते मी तुम्हाला बोलूनही दाखवलं. मनापासून काम करणाऱ्या माणसावर कोणी नजर कशाला ठेवायला हवी, असं काहीतरी. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मन चांगलं आहे तुझं, ते दिसते मले. मिस्त्रीच्या हाताखाली राहून मिस्त्री होते, डॉक्टरच्या हाताखाली राहून डॉक्टर होते. आपल्याच कामात लोकाइले काहून वाटते का मन चांगलं असलं का झालं? मंग त्या सरपंचानं तुले विचारलं त्यात काय चूक होती?" एका गावच्या सरपंचानं मला विचारलं होतं, म्हणजे तुम्ही पगार घेऊन बोलता? मी तो किस्सा तुम्हाला हसत सांगितला होता. तुम्ही हसला नव्हतात.

आता सिंधूबाई.

नेरच्या पुढे तीन किलोमीटरवरचं गाव. सिंधूबाईचा नवरा दुसरीबरोबर निघून गेलेला आणि ही सासरीच राहायची, सासूच्या हाताखाली. तिला स्वतःचं वेगळं रेशन कार्ड हवं होतं. एवढीच मागणी, पण त्या कार्डाबरोबर वेगळी चूल येत होती आणि ते सासूला ठाऊक होतं. माझ्या दुसऱ्या भेटीत सासूनं मला दारातच धरलं. "आमच्या घरात फूट पाडायले आली काय व? तुह्या घरी जाऊन पाड!" गल्ली जमली. पोरं हसत होती, एका म्हातारीनं मला खाली बसायला पाट दिला आणि दुसरीनं तो काढून घेतला. मी बावीस वर्षांची होते. माझ्याशी त्या आवाजात तोवर कोणी बोललं नव्हतं.

तरी निघताना सिंधूबाईला सांगितलं, पुढच्या बुधवारी येते, दोघी मिळून तहसीलला जाऊ.

त्या बुधवारी मी नेरच्या बसस्टँडवर उतरले. गावाकडे जाणारी ऑटो समोर उभी होती, तीत दोन जागा रिकाम्या होत्या. मी बाकावर बसले. म्हटलं, पुढच्या ऑटोनं जाऊ. मग त्या पुढच्या. उसाचा रस प्याले. दारव्ह्याच्या, अमरावतीच्या, यवतमाळच्या गाड्या लागल्या आणि सुटल्या. साडेतीनच्या गाडीनं मी परत आले.

आणि रेकॉर्डिंग लिहिलं. दीड पान, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. त्यात मी सिंधूबाईच्या घरी गेले, ओसरीवर बसले, तासभर तिच्याशी बोलले. तिनं सांगितलं की अजून मनाची तयारी होत नाही, थोडा वेळ हवा. मी तिच्या निर्णयाच्या हक्काचा आदर केला. कुंदाताई, हेच वाक्य लिहिलं होतं मी, आमच्या पुस्तकातलं. इतर धंद्यातली माणसं खोटं बोलताना बस चुकली म्हणतात, ताप आला म्हणतात. मी खोटं बोलताना तत्त्वाचा आधार घेतला, आणि तोही ज्या बाईच्या भेटीला मी दांडी मारली तिच्याच हक्काचा.

गुरुवारी तुम्ही ते शांतपणे वाचलंत. समासात लिहिलंत, 'छान.' वर्षभरात पहिल्यांदा. त्याखाली एक साधा प्रश्न, 'घरी दुसरं कोणी नव्हतं का?' आणि जर्नल माझ्याकडे सरकवलंत. मी पेन घेऊन प्रश्नासमोर, माझ्या बाजूला, लिहिलं, 'नव्हतं.'

तास त्या दिवशी चाळीस मिनिटांतच संपला. चहा आला. उठताना तुम्ही म्हणालात, "येत्या बुधवारी मीबी येते तुह्यासंगे. नेरपर्यंत."

नेरपर्यंतच का, हे मी विचारलं नाही. घाबरले होते. बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात आणि सगळा रस्ता तुमच्या पुतणीच्या लग्नाचं बोलत राहिलात. स्टँडवर उतरलो, तर तुम्ही सरळ त्याच बाकाकडे गेलात. बाक तिथे दोनच होते, त्यामुळे त्यात फार अर्थ शोधू नये हे मला कळतं. पिशवी मांडीवर घेऊन बसलात आणि म्हणालात, "जा. मी येथंच आहे. कितीबी टाइम लागू दे."

मी गेले. सिंधूबाई दारात भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुमी त्या बुधवारी येतो म्हनलं होतं ना मॅडम. कागदं पिशवीत घेऊन बारा वाजेपर्यंत दारात बसून होती मी."

बारानंतर ती एकटीच तीन किलोमीटर चालत नेरच्या तहसीलला गेली होती. तिथल्या माणसानं सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. ती परत आली. म्हणजे मी रस पीत होते तेव्हा ती नेरमध्येच कुठेतरी होती. सासूला ते कळलं आणि त्याच संध्याकाळी तिची चूल गोठ्यात गेली. मी उभी होते तिथून ती चूल दिसत होती, म्हशीच्या दावणीला लागून. तेवढ्यात सासू आली, शेजारीण आली, मागून एक कुत्रं येऊन माझी पिशवी हुंगायला लागलं. सासू पुन्हा ओरडली. या खेपेला मी पळाले नाही. काय बोलले ते आठवत नाही. शौर्याचं काही नव्हतं हे नक्की. एवढंच की स्टँडवर तुम्ही बसला होतात आणि लवकर परत आले असते तर तुम्हाला काय सांगणार होते?

दोन तासांनी परतले तर तुम्ही संत्रं सोलत होतात. अर्धं मला दिलंत. "कोण होतं घरी?" तुम्ही विचारलंत.

"सासू होती. शेजारीण होती. एक कुत्रं होतं."

तुम्ही माझ्याकडे पाहून "हं" म्हणालात आणि फोडीतली बी थुंकून टाकलीत.

तो क्षण होता. संत्र्याच्या एका फोडीएवढा. मी बोलले असते तर सगळं तिथेच मोकळं झालं असतं. मी बोलले नाही. परतीच्या गाडीत तुम्ही डोळे मिटून घेतलेत, झोपलात की नाही कोण जाणे. कार्डासाठी पुढे आपण दोघींनी बऱ्याच खेपा घातल्या आणि ते दिवाळीनंतर झालं. तोवर सिंधूबाई गोठ्यात रांधत होती.

त्यानंतर मी तुमच्याच संस्थेत लागले, तुमच्या शेजारच्या टेबलावर, आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या खुर्चीत बसले. आपण कितीतरी भांडलो. तुम्ही मीठ जास्त खाता इथपासून ते संस्थेनं कोणती गावं सोडावीत इथपर्यंत. पण खरं भांडण एकच आणि ते संपलं नाही. मी नियम केला होता की कार्यकर्ती घरभेटीला गेली की तिथला फोटो काढून पाठवेल, जागा आणि वेळ फोटोवर आपोआप येते. तुम्ही निवृत्तीनंतरही गुरुवारी येत होतात. ऐकून म्हणालात, "फोटोवरून पोट्टी तेथं गेली एवढं समजते. दाराच्या आत गेली का, हे कोणता फोटो सांगते?"

मी म्हणाले, "कुंदाताई, गावं वाढली आहेत. प्रत्येकीसोबत जाऊन स्टँडवर बसायला मी माणसं कुठून आणू?"

स्टँड हा शब्द माझ्या तोंडून आपसूक निघाला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फाइल उघडली. पुढचे दोन गुरुवार तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आलात, पेरू घेऊन, आणि विषय निघाला नाही.

हे सगळं असंच राहिलं असतं, पल्लवी आली नसती तर. महागावची मुलगी, दुसऱ्या वर्षाला, यंदा माझ्याकडे फील्डवर्कला आहे. बोलायला कमी, लिहायला बरी. तिच्याकडे लोहारा गावातली एक केस दिली होती. आरती नावाची नववीतली मुलगी महिनाभर शाळेत येत नव्हती. आई तिकडच्याच एका कारखान्यात दिवसपाळीला, बाप पाय मोडून घरी खाटेवर आणि आरती त्याच्या दिमतीला. पल्लवीनं आईशी बोलायचं होतं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी पल्लवीनं रेकॉर्डिंग आणलं. सुवाच्य, दोन पानं. आईशी एक तास चर्चा झाली, आईनं अडचणी मांडल्या, पल्लवीनं शिक्षणाचं महत्त्व समजावलं, आईनं सोमवारपासून आरतीला शाळेत पाठवायचं मान्य केलं. सोबत फोटो होता, गल्लीचा, जागा आणि वेळेसकट. सगळं नीट होतं. मी पेन उघडलं आणि थांबले. काय खटकतंय ते कळेना. पुन्हा वाचलं, आणि दिसलं की या तासाभरात कोणीही मधे आलं नव्हतं. बाप खाटेवरून एकदाही खेकसला नव्हता. शेजारीण मीठ मागायला आली नव्हती. कोणाचं पोर रडलं नव्हतं, फोन वाजला नव्हता, बकरी आत शिरली नव्हती. कुंदाताई, इतक्या वर्षांत मी एक घरभेट अशी केलेली नाही जिच्यात मधे कोणी आलं नाही. तुम्हीही केली नसणार.

मग हात पेनावरच राहिला आणि मला तुमचा प्रश्न आठवला. घरी दुसरं कोणी नव्हतं का?

घरी जाऊन पेटीतलं जुनं जर्नल काढलं. समासात 'छान' होतं. खाली प्रश्न होता. समोर माझं 'नव्हतं' होतं. आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात काही नव्हतं. त्या एका रेकॉर्डिंगवर तुम्ही सही केलेली नाही. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं, मी 'छान' पाहूनच खूश झाले होते.

तर तुम्हाला माहीत होतं. वाचताक्षणी माहीत होतं.

त्याच शनिवारी मी तुम्हाला फोन केला तो हे सांगायला. तुम्हाला धाप लागत होती. तुमची मुलगी म्हणाली, दोनच मिनिटं बोला. आणि मी काय केलं? पल्लवीचं सांगितलं. माझं ठेवून दिलं आणि तिचं पुढे केलं.

"पोट्टी कशी आहे?" तुम्ही विचारलंत.

"हुशार आहे. पण घाबरट आहे थोडी."

"कोणाले भेते? त्या घरच्याइले का तुले?"

 तुम्ही दम खाऊन म्हणालात, "गुरुवारी ये. मंग सांग." मी म्हटलं, येते. मंगळवारी तुम्ही गेलात. गुरुवारी ऑफिस बंद होतं.

आता मला तुमच्यावर रागवायचं आहे. रागवू द्या, तुम्हीच सांगायचात की वाटलं ते लिही. तुम्ही मला पकडलं का नाहीत? मी स्वतःहून बोलेन म्हणून वाट पाहिलीत, बाकावर येऊन बसलात, संत्रं दिलंत, सही राखून ठेवलीत. माझा मान ठेवलात. मला त्याची जाणीव आहे, आणि त्या दिवशी तुम्ही चारचौघांत माझं जर्नल फेकलं असतं तर मी हा धंदाच सोडला असता हेही खरं. या कामात मी आज उभी आहे ती तुम्ही त्या बाकावर बसलात म्हणून. पण तुम्ही 'छान' लिहून मला पुढच्या बुधवारची मुदत दिलीत, तो आठवडा सिंधूबाईनं गोठ्यात काढला. तुम्ही त्याच गुरुवारी मला विचारलं असतंत तर आपण शुक्रवारी तिथे असतो. तुमची सबुरी माझ्यासाठी होती. तिची किंमत त्या बाईनं दिली. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं होतं, भांडायचं होतं, आणि तुम्ही गेलात.

आणि मी तरी काय वेगळं केलं? पल्लवीचं रेकॉर्डिंग बंद करून ठेवलं, म्हटलं, आधी कुंदाताईंना विचारू. मग तुमचं जाणं आलं, मग पुण्यानुमोदन. दरम्यान दोन सोमवार गेले आणि आरती शाळेत आली नाही, तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला होता. कॉलेजला कळवलं असतं तर पल्लवीचं फील्डवर्क रद्द, म्हणजे वर्ष गेलं. नाही कळवलं तर ती अशीच पास होईल आणि उद्या कोणाच्या तरी दारात न जाता त्या दाराचं वर्णन लिहील. मी दोन्ही केलं नाही. मी तुमची वाट पाहत होते, तुम्ही नसताना.

काल गुरुवार होता. पल्लवी आली. मी दोन्ही खुर्च्या टेबलाच्या एका बाजूला घेतल्या, घड्याळ काढून ठेवलं आणि तिच्या जर्नलऐवजी माझं जुनं जर्नल उघडलं. ते पान तिच्यासमोर ठेवलं आणि त्या बुधवारचं सगळं सांगितलं. ऑटोतल्या दोन रिकाम्या जागा, उसाचा रस, साडेतीनची गाडी. अठरा वर्षांत ते मी कोणापुढे उच्चारलं नव्हतं. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ती खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मंग त्या सिंधूबाईचं काय झालं?"

तिनं माझ्याबद्दल काही विचारलं नाही. सिंधूबाईबद्दल विचारलं. मला तुमची फार आठवण आली त्या वेळी.

मी गोठ्याचं सांगितलं. मग विचारलं, "तू गल्लीत कुठवर गेली होतीस?"

 "नळापर्यंत," ती म्हणाली. "मॅडम, तिच्या बापाचा आवाज आला. पोरीले शिव्या देऊन राह्यला होता. फोटो काढला आन् माघारी आली." मग रडली. मी पाणी दिलं आणि घड्याळ मनगटाला बांधलं. म्हटलं, आईची पाळी पाचला सुटते, चल.

आम्ही लोहाऱ्याला पोचलो तेव्हा नळावर बायकांची भांडी लागली होती. मी नळाच्या ओट्यावर बसले. तुमच्यासारखी तीन किलोमीटर लांब नाही बसले. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसले. आपल्या भांडणात एवढं एक पाऊल मी माझ्या बाजूनं टाकते, हरकत असेल तर समासात लिहा. पल्लवी गेली. थोड्या वेळानं त्या बापाचा आवाज आला. मी उठले, पुन्हा बसले. नळावरच्या एकीनं विचारलं, "कोणाकडे आले बाई?" मी म्हटलं, आमची एक जण आत गेली आहे, तिच्यासाठी थांबले आहे. ती म्हणाली, "त्याच्या घरी? बाप्पा." आणि हंडा उचलून गेली. कोणासाठी तरी असं बसून राहणं इतकं अवघड असतं हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत.

अर्ध्या तासानं पल्लवी बाहेर आली. ओढणी घामानं भिजली होती.

"कोण होतं घरी?" मी विचारलं.

"सगळेच होते," ती म्हणाली. "तो होता. आई मागून आली, तिच्या हाती डबा होता. शेजारची काकू दारात उभी राहून ऐकत होती आन् मधातच बोलत होती. दोन बकऱ्या आत शिरल्या, त्या आरतीनं हाकलल्या. मॅडम, आई काहीच मान्य नाही झाली. पुन्हा येऊ नको म्हनते. पन आरतीनं मले दप्तर दाखवलं. खाटेखाली ठेवलं आहे तिनं, पुस्तकाइले कव्हर घालून." मग ओढणीनं तोंड पुसून तिनं विचारलं, "आपण परत कधी जाचं?"

सोमवारी जातो आहोत, शाळेतल्या बाईंना घेऊन. जमेल की नाही ठाऊक नाही.

घरी येऊन जर्नल पुन्हा उघडलं. तुमचा समास तुमचा आहे, त्याला हात लावला नाही. उजवीकडे, 'नव्हतं' या शब्दाखाली, थोडी जागा होती. तिथे लिहिलं, 'त्या बुधवारी मी सिंधूबाईंच्या घरी गेले नाही. नेरच्या स्टँडवर बाकावर बसून राहिले. मला भीती वाटत होती.' खाली कालची तारीख घातली. उजव्या कोपऱ्यात तुमच्या सहीपुरती जागा अजून कोरी आहे.